पडशीचं पुढचं तोंड

पडशी केवढी घ्यावी, असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारते, चालणार कोण? बाप्या की बाई? आणि घोड्यामागं चालणार का मेंढरांमागं? हे ठरल्याशिवाय पडशीची गोष्टच काढू नये. लोक आधी पिशवी बघतात, मग तिच्यात काय काय मावतं ते बघतात, आणि मावतं तेवढं सगळं कोंबून खांद्यावर घेतात. मग पहिल्या चढाला कण्हतात. कण्हा म्हणावं.

हे मी सांगते आणि नातसून लिहून घेते. तिला अक्षर येतं, मला येत नाही. ती माझं बोलणं जरा सरळ करते, म्हणते, लोकांना कळायला पाहिजे. कर बाई सरळ. पण मध्येच लेखणी थांबवून ‘मग तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारायची तिला लई खोड हाय. काय वाटायचंय! चालायचं होतं, चालले.

आम्ही धनगर, नांदूरघाटाकडचे, बालाघाटाच्या माथ्यावरचे. तेव्हा निजामाची मोगलाई होती. दसरा झाला, माथ्यावरचं गवत पिवळं पडलं, की मेंढरांचं खांड घेऊन खाली उतरायचं ते थेट तलवाड्याच्या अंगाला, गंगथडीला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिकडं बाजरी निघून रानं मोकळी झालेली असत. शेतवाले रात्री रानात मेंढरं बसवून घेत, त्यांच्या जमिनीला खत होई, आम्हाला धान्य मिळे. उन्हाळा सरला की परत वर.

चालायची रीत ठरलेली होती. बायका, लेकरं, कोंबड्या, भांडी, जातं, असं सगळं बिऱ्हाड घोड्यांवर लादून गाडीवाटेनं निघायचं. बाप्ये खांड घेऊन आडरानातून, चरत चरत. जमलं तर संध्याकाळी दोघांचा तळ एका जागी पडायचा. लई वेळा जमायचं नाही. मेंढरं हिरवं दिसलं की हटत नाहीत, आणि मेंढरांना घाई करता येत नाही. मग बाप्ये दोन दोन, तीन तीन दिवस बिऱ्हाडाला दिसायचेच नाहीत. त्या दिवसांचं खाणं-पिणं, पांघरूण, मीठ, चकमक, जे काय ते खांद्यावरच्या पडशीत.

पडशी म्हणजे दोन तोंडांची लांब पिशवी. आमच्याच लोकरीची, आम्हीच शिवलेली. मधली पट्टी खांद्यावर बसते, एक तोंड पाठीवर लोंबतं, एक पोटावर. बायकांना तिचं काही कळायचं नाही. आम्ही ती शिवायचो, उसवली तर टाका घालायचो, निघताना भाकरी बांधून द्यायचो. तिच्यात काय कुठं ठेवायचं ते बाप्यांचं बाप्यांपाशी.

मी पहिल्यांदा चालले त्या साली तापाची साथ आली. गावंच्या गावं झोपली. आमच्या वस्तीत एकाला पोचवून आले की दुसऱ्याला न्यायची वेळ व्हायची. त्यात माझे मालक गेले. ताप मलाही आला होता, मी उठले, ते उठले नाहीत. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, पोरबाळ नव्हतं. मला काही वाटलं नाही. खरं सांगते, काही म्हणजे काही नाही. लोक म्हणाले, हिला धक्का बसलाय. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून जात्याकडं बघायची, दळण राहिलंय म्हणून. भाकरीला चव लागत नव्हती. मीठ चिमूटभर जास्त घातलं तरी लागत नव्हती. मला वाटलं, तापानं जीभ गेली असेल, येईल.

मग दसरा आला आणि मेंढरांचा प्रश्न आला. माझ्या बापानं मला आंदण म्हणून मेंढ्या दिल्या होत्या. त्या वाढल्या होत्या, त्यांच्या पोरी-नाती झाल्या होत्या. त्या माझ्या. पण आमच्यात मेंढरू ज्याच्या मागं चालतं त्याचं होतं. माझ्या मेंढ्यांमागं मालक चालायचे, म्हणून त्या माझ्या राहिल्या होत्या. आता धाकटा दीर चालणार, म्हणजे त्या त्याच्या. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तशी रीतच होती. आणि मेंढ्या गेल्या की मी कोण? सासूच्या बिऱ्हाडात भांडी घासणारी बाई, नाहीतर माहेरी भावजयीच्या दारात.

मी सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, “मामा, माझ्या मेंढरांमागं मी चालते.”

सासरा टकळीवर लोकर कातत बसला होता. टकळी थांबली नाही. “बाया खांडासंगं चालत्यात व्हय?”

“बाया न्हाई. मी चालते.”

त्यानं कातलेलं सूत टकळीवर गुंडाळून घेतलं. मग म्हणाला, “चाल. पर ऐक. घाट उतरून खाली तळ पडस्तोवर तुझं एक बी जित्राब कमी झालं न्हाई पायजे. वाटंत व्यालं तर ते कोकरू बी त्यातच धर. एक जरी मागं ऱ्हायलं, तर गुमान बिऱ्हाडात बसायचं आन् मेंढरं धाकट्याच्या खांडात. घाटाखाली काय, सपाट रान हाय, तिथं कुणीबी चालतं.”

मी हो म्हणाले. भीती वाटली का, असं नातसून आत्ताच विचारत होती. नाही वाटली. भीती वाटायलाही आधी काहीतरी वाटावं लागतं.

आता पडशी. घरात दोन होत्या. एक सासऱ्याची जुनी, आखूड, कधीकाळी टाकून दिलेली. दुसरी मालकांची. मालक उंच, ताडमाड, तशी त्यांची पडशीही लांबलचक. मी मालकांची घेतली. आखूड पडशीत माझं काय मावणार, असा माझा हिशेब. पीठ पाहिजे, मीठ-मिरची पाहिजे, तवा पाहिजे, घोंगडं पाहिजे. मी बिऱ्हाड लादणारी बाई, मला घोडं भरायची सवय. मोठी पिशवी दिसली की मी म्हणणार, चला, जागा हाय.

भरत असताना सासू आली. लेकाच्या मागं ती निम्मी झाली होती. तिनं पडशीचं पुढचं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाली, “अगं, हे तर रिकामंच हाय. पोटावर रिकामी वटी घिऊन निघतीस व्हय?” आणि तिनं त्यात ज्वारी भरली. ओंजळी ओंजळीनं, गच्च. वर खोबऱ्याची वाटी ठेवली. मी रांडाव बाई, माझी ओटी कोण भरणार? तिनं भरली. दुसरं कुणी बघत नव्हतं. मला तेव्हा वाटायला पाहिजे होतं काहीतरी. मी फक्त म्हणाले, “आत्याबाई, बास, जड होईल.”

मग ती आत गेली आणि मालकांचा पटका घेऊन आली. लाल पटका, त्यांच्या डोक्यावरून काढून ठेवलेला, तसाच बांधलेला. ताप चढला त्या दिवशी त्यांनी तो उतरवून खुंटीला अडकवला होता, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. आतून तेलकट झालेला, त्यांच्या डोक्याच्या मापाचा खळगा तसाच.

“हे गंगंला सोडायचं,” सासू म्हणाली.

“मग घोड्यावर घ्या की तुमी.”

“तो कंदी घोड्यासंगं गेला न्हाई. खांडासंगं चालला. त्याचा पटका बी चालतच जाईल. मोडू देऊ नगंस.”

घडी केली असती तर कुठंही बसला असता. पण मोडायचा नव्हता. मी पाठीकडच्या तोंडात सगळ्यात वर, पिठाच्या पिशवीवर तो ठेवला. एवढी मोठी पडशी, दोन्ही तोंडं गच्च झाली. मुठीएवढीही जागा उरली नाही.

पहिल्याच दिवशी मला कळलं की पडशी माझ्या मापाची नाही. मेंढरांमागं चालणारं माणूस नुसतं चालत नाही. ते घडीघडीला उकिडवं बसतं, मेंढीच्या पायातला काटा काढतं, उठतं, पळतं, दगड उचलतं, परत बसतं. मी बसले की पडशी भुईला टेकायची, उठताना मला मागं ओढायची. चढाला पुढचं तोंड गुडघ्यावर आपटायचं. उकिडवं बसल्यावर जी भुईला टेकते ती पडशी तुमची नव्हे, हे मी आता कुणालाही सांगते. तेव्हा मला कोण सांगणार? मी मधल्या पट्टीला गाठ मारून ती आखूड केली. गाठ खांद्याच्या हाडावर बसली आणि रुतली. संध्याकाळी लुगडं बाजूला करून बघितलं तर कातडं सोललेलं. दुखायला पाहिजे होतं. दुसऱ्याचा खांदा बघावा तसा मी तो बघितला आणि झाकला.

मामा सगळ्यात पुढं चालायचे, धाकटा भावजी बगलेला, आणि मी मागं. शेपटाकडची जागा मालकांची, म्हणून ती मला आली. लंगडं, दमलेलं, मागं रेंगाळणारं जित्राब शेपटाकडं येतं. गाभणही तिथंच येतं. माथ्यावरचे दिवस बरे गेले. भावजी दुपारी झाडाखाली भाकर खाताना माझ्या पडशीकडं बघायचा आणि हसू दाबायचा. एकदा म्हणाला, “वैनी, आख्खं घर उचलून आणलंस बग.” मी म्हणाले, “तुझ्या पाठीवर न्हाई ना? मग भाकर खा.”

मग घाट आला. वाट अरुंद, एका अंगाला कडा, एका अंगाला करवंदीच्या जाळ्या. वारा असा की मेंढरं तोंडं खाली घालून उतरत होती. निम्म्या घाटात माझी एक मेंढी थांबली. आंदणातल्या पहिल्या मेंढीची लेक. मी काठीनं टोचलं, हलली नाही. जमीन हुंगत गोल फिरली आणि आडवी झाली.

मी हाक मारली. मामा खालच्या वळणावर पोचले होते. त्यांनी मान वळवून बघितलं आणि पुढं निघाले. बरोबरच होतं. घाटात खांड थांबवता येत नाही, एकावर एक चढून मेंढरं कड्यावरून जातात. एकीसाठी सगळी थांबत नाहीत. मागच्यानं मागचं बघायचं.

मेंढी व्याली. सुखरूप व्याली. कोकरू ओलंचिंब, काळं, कपाळावर पांढरा ठिपका. मेंढीनं चाटलं आणि उठून उभी राहिली. कोकरूही पाय फाकून उभं राहिलं आणि पडलं. ते काही घाट उतरणार नव्हतं. उचलून न्यायचं होतं, आणि असं न्यायचं होतं की मेंढीला ते दिसलं पाहिजे, त्याचा वास आला पाहिजे, नाहीतर ती जागेवरच ओरडत राहते. आणि आमच्या त्या घाटात लांडगे होते.

एका हातात काठी, दुसऱ्या हातानं जाळ्यांना धरत उतरायचं, अशी ती वाट. मी कोकरू पदरात घेतलं. लुगडं जुनं, विटलेलं, गाठ मारायला ओढलं तर फाटलं. घोंगडं काढलं, तर जाड घोंगड्याला गाठ बसेना. मी पडशी खाली ठेवली आणि पुढचं तोंड सोडायला लागले, म्हटलं ज्वारी ओतून द्यावी. खडखड आवाज झाला मात्र, शेपटाकडच्या साऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. दोघी तर वळून वर यायला लागल्या. त्या वाटेवर ज्वारी सांडली असती तर खालचं सगळं खांड उलटं फिरलं असतं. मी तोंड गच्च बांधून टाकलं.

तिथं, पडशीसमोर उकिडवी बसल्यावर, माझ्या ध्यानात आलं. पुढचं तोंड रिकामं ठेवायचं असतं. कोकरासाठी. मालक निघताना ते सपाट असायचं आणि गंगथडीहून येईपर्यंत त्याला दुधाचा आणि मुताचा वास मारायचा. मीच धुवायची की ते! मला कधी प्रश्न पडला नाही. पडशी केवढी घ्यावी हे आपल्या सामानावरून ठरवायचंच नसतं. जे अजून जन्मलेलं नाही ते तिच्यात मावलं पाहिजे.

मागचं तोंड उघडलं. सगळ्यात वर पटका. कोकरू थरथर कापायला लागलं होतं. मी पटका उचलला, कापडाचं टोक शोधलं आणि उलगडला. एक एक फेर सुटत गेला, लांबच लांब लाल कापड. आतल्या फेरांना त्यांच्या घामाचा वास होता. माझे हात काम करत होते. मी कोकरू पुसलं, त्यात गुंडाळलं, गळ्यातून कमरेला दोन वेढे घेऊन छातीशी बांधलं, तोंड तेवढं बाहेर. मेंढीनं येऊन हुंगलं. निघालो आम्ही.

घाट उतरेपर्यंत ती मेंढी माझ्या मांडीला घासत चालली. मी मध्ये मध्ये वळून शेपटाकडची मेंढरं बघत होते. सगळी होती.

खाली ओढ्याकाठी तळ पडला होता. बिऱ्हाड आधीच पोचलं होतं, चुली पेटल्या होत्या, दिवस मावळायला अवकाश होता. मामा वाटेवर उभे होते. माझी मेंढरं त्यांनी एक एक करून समोरून जाऊ दिली. मग जवळ आले, माझ्या छातीशी बांधलेल्या कोकराचा कान धरून बघितला, तोंडात बोट घातलं. कोकरानं बोट चोखलं.

“ही मेंढरं हिची,” मामा धाकट्याकडं बघून म्हणाले. “इथनं पुढं हिच्या मेंढरांत कुणी काठी घालायची न्हाई.”

मी भावजीला म्हणाले, “पुढचं तोंड रिकामं ठेवत्यात हे का म्हून सांगितलं न्हाईस?”

त्याचं तोंड उतरलं. “मला वाटलं दादानं सांगितलं आसंल.”

झालं. मेंढ्या माझ्या राहिल्या. पुढं जन्मभर राहिल्या, त्यांच्या जिवावर मी दुसरा संसार केला, पोरं वाढवली, ही नातसून त्याच घरातली. तेव्हा मात्र आनंद काही झाला नाही. पाणी प्यावं वाटत होतं, तेवढंच.

मी कोकरू सोडलं, मेंढीला लावलं, आणि पटका तिथंच दगडावर टाकला. सासू चुलीपासून उठून आली. तिनं पटका उचलला. रक्त, चिकटा, चिखल, सगळं लागलं होतं. मला वाटलं, आता ती बोंबलेल, मला मारील. मारलं असतं तरी चाललं असतं. ती वळली, ओढ्यावर गेली, धुतला, पिळला, आणि तसाच ओला घेऊन आली. मामांच्या समोर धरला आणि म्हणाली, “त्याच्यावाणी बांधून द्या.”

मामांनी गुडघ्यावर बांधला. तो मामांसारखा झाला. सासूनं बघितलं, मान हलवली, उलगडला. मग धाकट्याकडं नेला. त्यानं भराभर बांधला. त्याच्यासारखा झाला, तिरपा, एका कानावर झुकलेला. सासूनं तोही उलगडला. ज्याची त्याची बांधणी ज्याच्या त्याच्या हातात असते, दुसऱ्याला येत नाही. हे तिलाही माहीत होतं. ती तरी तळावरच्या सगळ्या बाप्यांकडं फिरली.

शेवटी माझ्यासमोर येऊन बसली. पटका माझ्या मांडीवर ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवलं नाही. म्हणाली, “तू रोज बघत हुतीस. तुलाच येईल. सांग की गं, कसा बांधायचा माझा लेक?”

रोज सकाळी ते दारात उभे राहून बांधायचे. मी चुलीपाशी असायची, भाकरी थापत. कापडाचं एक टोक दातात धरायचे, तेवढं मला आठवलं. मी टोक दातात धरलं आणि दुसऱ्या हातानं कापड गुडघ्यावर घेतलं. मग उजवीकडं का डावीकडं? पहिला फेर कपाळावरून का मागून? मी एक फेर घेतला, सुटला. दुसरा घेतला. दातातल्या टोकाला अजून तेलाचा वास होता, धुऊनही गेला नव्हता, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना. नाक भरलं, दात सुटले, कापड मांडीवरून खाली गेलं. इतक्या सगळ्या सकाळी बघितलेल्या, आणि मला एक फेरही आठवेना. मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की श्वास घेता येईना.

सासूनं माझा हात धरला. “ऱ्हाऊ दे गं.”

मी म्हणाले, “थांबा आत्याबाई, येतंय मला, थांबा जरा.” आणि कापड पुन्हा गुडघ्यावर घेतलं. अंधार पडेपर्यंत मी बांधत होते. मला आलं नाही.